चार वाजून सव्वीस मिनिटं

३ फेब्रुवारी

आज ग्रंथपालांनी सहा जाडजूड खंड माझ्या टेबलावर आणून आदळले. समुद्रावरच्या युद्धाचा इतिहास — एकेका मोहिमेचा, एकेका जहाजाचा. शिवण सुटलेली, पाठी निखळलेल्या. म्हणाले, "पुठ्ठे चांगले आहेत, तेवढे काढून घ्या. बाकी रद्दीत. कोण जिंकलं ते सगळ्यांना माहीत आहे, मग सहा खंड वाचतंय कोण? अकरा वर्षांत दोन वाचक."

बरं म्हटलं. बांधणीच्या खोलीत आधीच चौदा पुस्तकं रांगेत आहेत. पण तिसऱ्या खंडाच्या पाठीवरचं मोहिमेचं नाव वाचलं आणि हातातली सुरी खाली ठेवली. दादा त्याच मोहिमेत गेला.

४ फेब्रुवारी

पुठ्ठे काढले नाहीत.

७ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत वाचते. एका हाताशी डबा, दुसऱ्या हाताशी तिसरा खंड. पहिली ऐंशी पानं नुसती कोळसा, पाणी, बिस्किटं, दोर — कुठल्या जहाजात किती टन. वाटलं, ग्रंथपाल म्हणतात तेच खरं. मग एका जहाजावरचा आचारी आजारी पडला, खलाशांनी स्वतःच रांधलं आणि सगळ्यांची पोटं बिघडली, असं आलं. एकटीच हसले. दादा घरी एकदाच स्वयंपाकाला लागला होता, तेव्हा पातेलंच टाकून द्यावं लागलं होतं.

बाबांच्या कपाटात एक पातळ पुस्तक आहे. त्यात या मोहिमेच्या वाट्याला अर्धं वाक्य: 'ताफ्यातली तीन जहाजं बुडाली.' दादा त्या अर्ध्या वाक्यात. तो एकवीसचा होता, मी अकराची.

११ फेब्रुवारी

बारीक टाइप दिसेना. चष्म्याचा नंबर वाढलाय. गल्लीच्या तोंडाशीच चष्म्याचं दुकान आहे, पण आम्ही अडतीस वर्षं दोन बस बदलून दुसरीकडे जातो.

कारण तो चष्मेवाला दादाचा जिवलग मित्र. दोघं एकाच दिवशी भरती झाले. दादा मालवाहू जहाजावर, हा ताफ्याची राखण करणाऱ्या युद्धनौकेवर. हा परत आला. पुढे कुणा खलाशाने बाबांना सांगितलं, "तुमच्या मुलाचं जहाज बुडत होतं. राखणीची नौका अर्ध्या वाटेपर्यंत आली आणि तोंड फिरवून निघून गेली." बाबांनी तेवढंच धरून ठेवलं. 'दोस्ताला बुडताना टाकून आलेला' — आमच्या घरात त्याला दुसरं नाव नव्हतं. साधा खलाशी नौका कशी वळवणार, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

बाबा गेले तेव्हा तो दाराशी आला होता. दार मीच लावलं.

१४ फेब्रुवारी

सापडलं. पान ४१२. आहे तसं उतरवून ठेवते.

दुपारी ४.१२ — मालवाहू जहाज पाणसुरुंगावर आदळलं. होड्या निकामी.

४.१९ — राखणनौका मदतीसाठी वळली.

४.२६ — बुडत्या जहाजावरून दिव्याचा संदेश: इथे सुरुंग पेरलेत. जवळ येऊ नका. पुढे जा.

४.३१ — राखणनौकेचा प्रश्न: किती जण आहात? उत्तर: जवळ येऊ नका.

४.३३ — राखणनौकेवर संदेश वाचणाऱ्या खलाशाने लहान होडी घेऊन जाण्याची परवानगी मागितली. कप्तानाने नाकारली.

४.४० — दिवा बंद.

शेवटी परिशिष्टात दोन्ही जहाजांवरच्या माणसांची यादी आहे, कामासकट. बुडालेल्या जहाजावर दिव्याने संदेश देणारा एकच. दादा. राखणनौकेवर तो वाचणारा एकच. आमचा चष्मेवाला.

डबा तसाच घरी आणला. आईने विचारलं, "बरं नाही का?" भूक नव्हती म्हटलं.

१५ फेब्रुवारी

पान ४१२ ग्रंथपालांसमोर ठेवलं, यादीतल्या दादाच्या नावावर बोट ठेवलं. उभ्यानेच वाचलं त्यांनी. मग म्हणाले, "सहाही खंड नीट बांधा. जाड दोऱ्याने."

हे लिहिणारा कोण होता, माहीत नाही. या सहा नोंदी जुळवायला दोन-तीन जहाजांच्या नोंदवह्या त्याने शेजारी शेजारी ठेवल्या असतील, जिवंत परतलेल्यांना पत्रं लिहिली असतील. एवढ्या मोठ्या युद्धात कोण बघणार होतं, चार एकतीस की चार तेहेतीस? त्याने कंटाळा केला असता तर मी मरेपर्यंत दोन बस बदलत राहिले असते.

१७ फेब्रुवारी

गेले दुकानात. पायरीवर पाय अडखळला. तो काच घासत होता. मान वर करून पाहिलं आणि रोजचं गिऱ्हाईक आल्यासारखं म्हणाला, "बस. नंबर वाढलाय का?"

मी उतरवलेला कागद पुढे केला. त्याने वाचला नाही, वरच्या दोन आकड्यांवर नजर पडली तेवढीच. म्हणाला, "त्याचा हात सफाईदार होता. दिवा भराभर उघडझाप करायचा, एक अक्षर चुकायचं नाही. शेवटच्या वेळी मात्र सावकाश पाठवलंन. मला नीट वाचता यावं म्हणून."

"तुम्ही सांगितलं का नाही? बाबा तुम्हाला काय काय बोलले."

तो काच पुसत राहिला.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "तुम्ही दाराशी आला होतात."

"तू लहान होतीस गं."

"दार लावलं तेव्हा सत्तेचाळीसची होते."

यावर तो थोडा हसला. मग मला खुर्चीत बसवलं, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. मला पहिलीच ओळ वाचता येईना. डोळे भरले होते. "सावकाश," म्हणाला, आणि थांबून राहिला.

निघताना विचारलंन, "काकू बऱ्या आहेत ना?"

१८ फेब्रुवारी

सकाळी आईला तो कागद वाचून दाखवला. धुतलेल्या चादरीची घडी घालत होती. घडी पुरी केली आणि म्हणाली, "मला माहीत आहे. परत आला त्याच आठवड्यात मागच्या दाराने येऊन सगळं सांगून गेला होता. मीच शपथ घातली, यांना सांगू नकोस. पोराने आपणहून मदत परत पाठवली, हे त्यांना झेपलं नसतं. कुणावर तरी रागावून का होईना, रोज उठून कामाला तरी जातील, असं वाटलं मला. 'तुझ्यावर रागावले तर चालेल का रे?' असं विचारलं. तो म्हणाला, 'चालेल, काकू.'"