माझ्या बाजूचा ब्रेक

ती. दाजींना,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात. माझ्या आठ अंगांपैकी दोन्ही गुडघ्यांनी गेल्या वर्षीच राजीनामा दिला आहे.) आम्ही सगळे इकडे मजेत आहोत. तुमची पाठ कशी आहे, डाव्या कानाचं काय झालं, आणि डॉक्टरांनी बंद केलेलं गोड तुम्ही खरोखर बंद केलं आहे की फक्त ताईसमोर, ते सवडीने कळवावं. ताई हल्ली विणकामाच्या क्लासला जाते हे ऐकून आनंद झाला. सहा आठवडे, आठवड्यातून तीन सकाळी, एकही खाडा नाही म्हणे! स्वेटर कुठवर आला? पाकिटावरचं अक्षर माझं दिसलं तर पत्र न फोडता तुम्ही ते खिडकीच्या फळीवर ठेवाल या धास्तीने पत्ता सौ.कडून लिहून घेतला आहे, त्याबद्दल क्षमस्व.

चार वर्षं आपलं बोलणं नाही. म्हणजे आहे, पण मीठ इकडे सरकवा एवढंच, आणि तेही ताईमार्फत. कारण उगाळत बसत नाही. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमधून तुम्ही सातव्यांदा परीक्षेला बसलात, परीक्षकांना शेजारी बसवून गाडी त्यांच्याच स्कूटरवर घातलीत, आणि खाली उतरून चारचौघांत म्हणालात की हा माणूस दगडालासुद्धा पडून राहायला शिकवू शकणार नाही. ते वाक्य मला लागलं होतं. त्याचा विचार मी पुढे बराच केला, पण ते मागाहून येईल.

आधी बातमी. दाजी, मी पास झालो! पन्नासपैकी सत्तेचाळीस! झालं असं की वर्षापूर्वी नवा नियम निघाला. गाडी शिकवणाऱ्या प्रत्येकाने म्हणे लेखी परीक्षा द्यायची, पन्नास प्रश्न, पास व्हायला चाळीस, संधी तीन. तिसऱ्यांदा गचकलात तर परवाना जमा आणि शाळेची पाटी खाली. सव्वीस वर्षांची पाटी! (आणखीही एक किरकोळ अट आहे, ती ओघात येईलच.) मी हसलो. सव्वीस वर्षं जो माणूस दुसऱ्यांना नियम सांगतोय त्याला नियम काय विचारणार? आमच्या सौ.ने फक्त एवढंच विचारलं की नियमांचं पुस्तक शेवटचं कधी उघडलं होतंत. मी विषय बदलला.

पहिल्या खेपेला मी ते दोनशे दहा पानांचं पुस्तक बारा वेळा वाचलं. पिवळा हायलायटर आणला. पहिल्या वाचनात महत्त्वाचं तेवढं पिवळं केलं, दुसऱ्या वाचनात लक्षात आलं की उरलेलंही महत्त्वाचंच आहे, आणि पाचव्या वाचनापर्यंत पुस्तकाला कावीळ झाली. एकच ओळ पांढरी राहिली, ती छापखान्याच्या पत्त्याची. ती मला आजही तोंडपाठ आहे. परीक्षेत नेमकी तीच विचारली नाही. गुण मिळाले तेवीस. दुसऱ्या खेपेला मी असा निष्कर्ष काढला की मी मुळात ऐकून शिकणारा माणूस आहे. (निष्कर्षाला आधार एवढाच की डोळे दुखत होते.) म्हणून सबंध पुस्तक स्वतःच्या आवाजात फोनमध्ये वाचून ठेवलं आणि ऐकायला बसलो. दाजी, माझा आवाज ऐकून मला चार मिनिटांत झोप लागते. माझ्या गाडीत विद्यार्थी जांभया का देतात याचा उलगडा मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी झाला. मग राहिलेलं सगळं परीक्षेच्या आदल्या दिवशी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, जेवणसुद्धा उभ्याने, असं डोक्यात कोंबलं. दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या खोलीच्या दारात चप्पल काढली आणि चपलेबरोबर तेही बाहेरच राहिलं. बावीस! पहिल्यापेक्षा एक कमी. (रिव्हर्स मला पहिल्यापासून चांगला जमतो.)

आता एकच संधी उरली होती. मी जेवेनासा झालो. सौ.ने मला न विचारता तुमच्या लेकीला फोन केला. ती माणसं कशी शिकतात याचा अभ्यास करते, आणि असला अभ्यास करायचाच कशाला असं तुम्ही आणि मी एकदा एकमताने म्हणालो होतो. आपलं एकमत झाल्याचा तो शेवटचा प्रसंग. पोरगी आली, माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर बसली! मला म्हणाली, मामा, हा कोरा कागद, यातलं आठवेल ते सगळं लिहा. बारा वेळा वाचलेलं पुस्तक. मी अर्धा तास पेन चावून चार ओळी लिहिल्या. तिसरी ओळ छापखान्याचा पत्ता होती. मी संतापून म्हटलं की पुस्तक उघडून दे, मग बघ, एकेक ओळ माझ्या ओळखीची आहे. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "ओळखीचं असणं वेगळं आणि आठवणं वेगळं, मामा. गल्लीतले सगळे तुमच्या ओळखीचे आहेत ना? समोरच्यांचं नाव सांगा." समोरचे अकरा वर्षं समोर आहेत. त्यांना मी रोज हात करतो. नाव काही केल्या येईना. (तुमची लेक आहे, समोरच्याला गप्प बसवण्याची कला कुठून आली ते वेगळं सांगायला नको.)

मग तिने आमच्या स्वयंपाकघरातले तीन डबे रिकामे करवले: बिस्किटांचा, चहाचा आणि सौ.चा बटणांचा. पुस्तकातला एकेक प्रश्न एकेका चिठ्ठीवर, उत्तर मागच्या बाजूला. सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात, तो रोजचा. न बघता उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी चहाच्या डब्यात, तिथे तिची पाळी तीन दिवसांनी. तिथेही बरोबर आली की बटणांच्या डब्यात, आठवड्याने. कुठेही चुकली की मुकाट्याने पुन्हा बिस्किटांत. मी म्हटलं, अगं, तीन दिवसांत मी अर्धं विसरतो. ती म्हणाली की विसरायला आलेलं ओढून परत आणलं की तेच पक्कं बसतं, म्हणून तर थांबायचं. शिवाय खुणा एका दिवशी, वेग दुसऱ्या दिवशी असं न करता सगळं एकत्र कालवायचं, आणि रात्री पूर्ण झोपायचं, कारण झोपेत डोकं दिवसभराचं सामान जागच्या जागी लावतं. (सौ. म्हणाली, या हिशोबाने तुम्ही घराण्यातले सर्वात विद्वान असायला हवे होतात.) प्रश्न विचारायचं काम सौ.कडे होतं. माझं उत्तर चुकल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं ते लग्नाच्या फोटोतही नाही. एकदा एक चिठ्ठी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या चहात निघाली. 'आंधळ्या वळणावर पुढच्या वाहनाच्या पुढे जावे काय?' त्याने ती चमच्याने काढून वाचली, कप खाली ठेवला आणि नको म्हणाला. उत्तर बरोबर होतं. ती चिठ्ठी माझी तोवर पाच वेळा चुकून झाली होती.

आता मूळ गोष्टीकडे येतो, आणि दाजी, इथून पुढचं जरा चष्मा पुसून वाचा. त्याच सुमारास बेकरीवाला गाडी शिकायला येत होता. वळणावर सायकल आडवी आली, गाडी जागच्या जागी थांबली, आणि तो छाती फुगवून म्हणाला, "बघा सर, थांबवली की नाही!" मी सवयीने शाबास म्हणालो आणि माझ्याच पायाकडे पाहिलं. माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर होता. आमच्या शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्यालाही एक ब्रेक असतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. तो मी दाबला होता. सव्वीस वर्षं मीच दाबत आलोय! विद्यार्थ्याला वाटतं आपल्याला आलं, मला वाटतं मी शिकवलं, आणि परीक्षेच्या दिवशी माझ्या जागी परीक्षक बसतात आणि ते पाय हलवत नाहीत. उघडं पुस्तक माझ्यासाठी जे करत होतं तेच मी इतकी वर्षं लोकांसाठी करत होतो. बेकरीवाल्याला घरी सोडून मी गाडीतच बसून राहिलो. मला एकच दृश्य दिसत होतं, ती स्कूटर.

दुसऱ्या दिवसापासून शाळा बदलली. चिठ्ठ्या पुढे सरकल्यामुळे बिस्किटांचा डबा रिकामा झालाच होता, तो मी मोकळ्या मैदानात शिकवताना माझ्या ब्रेकवर पालथा ठेवतो. पाय तिकडे गेला की डबा वाजतो आणि मला शरम वाटते. (रस्त्यावर डबा काढून ठेवतो. मी क्रांतिकारक असलो तरी मला बायको आहे.) पूर्वी आठवडाभर नुसतं रिव्हर्स, मग आठवडाभर नुसता चढ असं असायचं. आता काय करायचं ते विद्यार्थी चिठ्ठी काढून ठरवतो. माझ्यासमोर ते पूर्वीपेक्षा जास्त चुकतात, मी नुसता बघत राहतो, आणि परीक्षेत पास होतात. पूर्वी बरोबर उलटं होतं. एक मध्यमवयीन बाई तर गाडीला प्रथमच हात लावत होत्या. नाव कळवू नये अशी त्यांची सक्त ताकीद आहे. मला सर म्हणत नाहीत, आणि डबा वाजला की सरळ माझा कान धरतात. सहा आठवड्यांत, या मंगळवारी, पहिल्याच फटक्यात पास!

माझी परीक्षा गेल्या शुक्रवारी झाली. तिथला कारकून मला दोनदा पाहून चुकला होता. त्याने परवाना जमा केल्याची पावती माझ्या नावाने आधीच लिहून ठेवली होती, फक्त सही बाकी. पहिला प्रश्न वाचला आणि डोकं कोरं. पाटी डोळ्यांसमोर आली. मग मी डोळे मिटले आणि सौ. बटणांचा डबा हलवते तो आवाज आठवला. उत्तर आलं! मग दुसरं, मग दहावं. आंधळ्या वळणाचा प्रश्न आला तेव्हा मला चहाचा कप दिसला आणि मी मोठ्याने हसलो, त्याबद्दल ताकीद मिळाली. शेवटी संगणकाच्या पडद्यावर सत्तेचाळीस आले. मी उठून त्या कारकुनाला मिठी मारली. तो बिचारा अवघडून उभा होता. ती पावती मी मागून घेतली. या पत्राचं पहिलं पान उलटून पाहा, तिच्याच कोऱ्या बाजूवर लिहिलं आहे.

समोरच्यांचं नावही आता मला येतं. तीन दिवसांनी एकदा विचारतो स्वतःला.

मोठ्यांना नमस्कार सांगायला तुमच्याहून मोठं आता कोणी उरलं नाही, तेव्हा ते सगळे तुम्हीच ठेवून घ्या.

तुमचा, पाटी शाबूत असलेला,
मेहुणा

ता. क. ती किरकोळ अट लिहायची राहिली. पाच किंवा अधिक वेळा नापास झालेला स्वतःचा एक जुना विद्यार्थी तीन महिन्यांत पास करून दाखवायचा, नाहीतर सत्तेचाळीस गुणांसकट पाटी खाली. सव्वीस वर्षांच्या वह्या काढून पाहिल्या. असे दोनच निघाले. एक आता बोट चालवतो आणि जमिनीवर परत यायला तयार नाही. दुसऱ्याच्या नावापुढे सात लिहिलंय. दाजी, येता का?

ता. क. २. पाटी राहो न राहो, हे सांगायचंच होतं. त्या सातही वेळा तुम्ही नापास झाला नव्हता. मी तुम्हाला एकदाही स्वतः गाडी थांबवू दिली नाही. चूक माझ्या पायाची होती आणि चार वर्षं बोलणी तुम्ही खाल्लीत. मला फार वाईट वाटतं.

ता. क. ३. स्वेटरची वाट पाहू नका. रविवारी सकाळी नऊ वाजता, तुम्ही पहिल्या परीक्षेआधी घेतलेली आणि अजून कापडाखाली झाकून ठेवलेली तुमची गाडी दाराशी उभी असेल. ताई तुम्हाला माझ्याकडे घेऊन येणार आहे. तिच्या शेजारी बसा, आणि पायाने काही शोधू नका. त्या बाजूला ब्रेक नाही.