उलथनं, प्राण चार

३ मार्च

चिमणे, कशी आहेस? गुडघा काय म्हणतो? शेजारच्या शिंप्याचा खोकला गेला का, की अजून मशीनपेक्षा तोच जास्त वाजतो? त्याची आई नीट जेवते ना? आणि आपली एककानी मांजर? बासष्ट वर्षांच्या बाईला चिमणी म्हणते म्हणून रागावू नकोस; धाकटं ते धाकटंच. ही वही म्हणजे तुला पत्रच, फक्त पाठवायचं नाही. समोर कुणी असल्याशिवाय मला लिहिता येत नाही, म्हणून तुला बसवलंय.

तर बातमी अशी, की मला नोकरी लागली! सदुसष्टाव्या वर्षी! चपलांच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तिथे खेळांची पुस्तकं निघतात. खेळ पोरांचा नव्हे, चांगल्या बाप्यांचा. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक सूत्रधार सांगतो, समोर किल्ला आहे, दारात राक्षस आहे. बाकीचे सांगतात, आम्ही अमुक करतो. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. त्या खेळासाठी मी एक अख्खा प्रदेश रचायचा आहे. नद्या, घाट, गावं, माणसं, भुतं, सगळं एका पुस्तिकेत. मालकीण म्हणाली, मावशी, तुम्ही वाचनालयात गोष्टी सांगायच्या तेव्हा मी मागच्या बाकावर असायचे. मी चौथी नापास, आणि मला टेबल, दिवा, चार रंगांची शाई! दिवसभर उगाच हसत होते.

११ मार्च

नकाशा षटकोनांचा असतो, मधमाशांच्या पोळ्यासारखा. एका घरात एक ठिकाण. मी दलदल केली, मिठाची खाण केली, बुडालेलं देऊळ केलं. माणसांना मात्र आकडा द्यावा लागतो: प्राण किती. दरवानाला दहा, अजगराला साठ. कुणी मारलं की आकडा उतरतो. शून्य झाला की माणूस संपला. सोपं आहे, वाण्याच्या तराजूसारखं.

इथला एक शिरस्ता आहे. प्रत्येक नकाशात एक षटकोन कोरा सोडायचा, सूत्रधाराला त्याच्या मनचं भरायला. मला ते ताट वाढून एक वाटी रिकामी ठेवल्यासारखं दिसतं. सारखी नजर तिथेच जाते.

१९ मार्च

भरला. राहवलं नाही. आपलं माहेरचं घर घातलं, चिमणे, तू राहतेस ते. कडेचं लिंबाचं झाड, निळ्या झाकणाचा डबा, अकरा पायऱ्यांचा लाकडी जिना. आणि तुला घातलं. ‘म्हातारी, घराची राखणदार. प्राण चार. शस्त्र: उलथनं.’ खोलीभर हशा पिकला. मालकीण म्हणाली, शिरस्ता मोडलात, पण ही म्हातारी राहू दे.

घरात काहीतरी मिळायला हवं, नाहीतर खेळगडी जातील कशाला? तिसऱ्या पायरीखाली एक जुनं पत्र ठेवलं. ‘म्हातारीला त्याची कल्पना नाही, म्हणून ती वाट अडवते,’ असंही लिहिलं.

पत्रच का, ते आज नको.

२९ मार्च

आज शनिवार. दुपारी पुस्तिका खेळून पाहिली. दातांचे डॉक्टर, एक बस-कंडक्टर आणि ड्यूटीवरून थेट आलेली, गणवेशातली नर्स. सूत्रधार म्हणजे आमच्याकडे पुस्तकांची चित्रं काढणारा उंच चित्रकार. इतका मोठा प्रदेश, पण तिघं आधी तुझ्याच दारात. तू आडवी आलीस. डॉक्टर म्हणाले, ढकलतो म्हातारीला. फासा पडला. चारचे तीन. कंडक्टर म्हणाला, डॉक्टर, भूल तरी द्यायचीत! सगळे हसले. मीही हसले.

पत्र त्या नर्सनेच काढलं. मला तिच्याकडे बघवेना.

४ एप्रिल

तुझं कार्ड आलं. शनिवारी दुपारी चारला जिन्यावरून पडलीस, मनगट मुरगळलं. पाठीवर कुणाचा तरी तळवा टेकल्यासारखा वाटला, असं लिहिलंस. जिन्यावर ओल्या बुटांचे ठसे. खाली गमतीने लिहिलंस, पाहुणे आले असतील, मी आधण ठेवलंय.

आम्ही शनिवारी चारलाच बसलो होतो.

५ एप्रिल

वहीपुढे कसली लाज. लिहिते.

चव्वेचाळीस वर्षं झाली. तू नर्सच्या शाळेत अर्ज केला होतास. महिनाभर दारात पोस्टमनची वाट बघत उभी असायचीस, आणि तो आला नेमका तू पाण्याला गेल्यावर. पत्र माझ्या हातात दिलं. तुला घेतलं होतं. आई अंथरुणाला खिळलेली. तू गेलीस तर तिचं करायला मीच उरले असते, माझं ठरलेलं लग्न मोडलं असतं. मी ते पत्र तिसऱ्या पायरीच्या फटीत सारलं. तुला म्हटलं, नसेल आलं, पुढच्या वर्षी बघू. तू माझ्या लग्नात सगळ्यांना वाढलंस. आईचं तू एकोणीस वर्षं केलंस.

आणि मी ते एका खेळात लिहून मोकळी झाले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

१२ एप्रिल

दुसऱ्या डावाआधी सूत्रधाराला हात जोडले, आज ते घर वगळा. तो हो म्हणाला. तिघं उठले ते सरळ तिथेच. का, ते त्यांनाही सांगता येईना. निळ्या झाकणाचा डबा नेला. तीनचे दोन.

सूत्रधाराला विचारलं, म्हातारी वाचायची कशी? तो म्हणाला, मावशी, तुमच्याच पुस्तकात आहे की. तिला पत्र ठाऊक नाही म्हणून ती अडवते. ठाऊक असतं, तिने आपण होऊन दिलं असतं, तर कोण हात उगारतंय?

म्हणजे तुला सांगायचं. एवढंच.

कार्ड लिहायला बसले. लिहिलं काय, तर चार दिवस शिंप्याकडे राहायला जा. का, ते लिहिलं नाही. जीभ टाळूला चिकटते तसा हात कागदाला चिकटला.

१८ एप्रिल

तुझं उत्तर आलं. स्वतःचं घर सोडून का जाऊ? डबा हरवला, बरगडी दुखते, जिन्यावर दिवसभर पावलं वाजतात. पण ताई, घर भरल्यासारखं वाटतं गं, असं लिहिलंस.

मालकिणीला म्हटलं, ते पान फाडा. ती म्हणाली, मावशी, आता कुठलं, सहाशे प्रती सोमवारीच गेल्या.

सहाशे टेबलं. प्रत्येक टेबलावर तुझे नव्याने चार, की सगळ्यांत मिळून ते दोनच—

२३ एप्रिल

तुझ्याकडे फोन नाही, म्हणून शिंप्याला केला. म्हणाला, दार सताड उघडं आहे, जिना मधोमध झिजून खोलगट झालाय. तुमची बहीण उलथनं घेऊन वरखाली करते, वीस जणांचा चहा टाकते. मला तर कुणी दिसत नाही.

म्हटलं, तिला सांगा, तिसऱ्या पायरीखाली—

काय आहे, त्याने विचारलं.

परक्या माणसापुढे कसं— फोन ठेवला मी. ठेवला, चिमणे. अजूनही माझी अब्रूच मोठी.

२६ एप्रिल

वाचकाचं पहिलं कार्ड. मालकिणीने सगळ्यांसमोर वाचलं. कुठलंसं लांबचं गाव. पुस्तिका झकास, म्हातारी तर फारच. पहिल्याच फाशात—

मरताना बोलली म्हणे. त्यांच्या सूत्रधाराला शब्द कुठून आले ते कळेना, पुस्तकात तर नाहीत. ती म्हणाली, ताईला सांगा, पत्र मला त्याच वर्षी सापडलं होतं. वाचून परत ठेवलं. तिचं लग्न ठरलं होतं.

मालकीण म्हणाली, वा मावशी, काय लिहिलंत!

हे मी नाही लिहिलं— मी तर लिहिलं होतं, तुला ठाऊक नाही म्हणून—

शिंपी फोन उचलत नाही.

वहीची पानं फाडून पाठवतेय, सगळी. तारखेवार. मनगट कसं आहे— बरगडी— मांजरीला कोण घालतंय—

शिव्या दे. तोंड बघणार नाही म्हण. पण लवकर लिही. आजच लिही. एक ओळ— नुसतं ‘ताई’ लिहिलंस तरी तुझं अक्षर मी—