गाईचं दूध काढायची खूण

२६ ऑगस्ट, सोमवार

परत आलो! तेच कॉलेज, तेच अमेरिकन फुटबॉलचं मैदान, फक्त आता गळ्यात शिट्टी. सहायक प्रशिक्षक! म्हणजे मैदानावर पांढरे पट्टे मारायचे, पोरांचे घामट कपडे धुवायचे, आणि कोच नायक्विस्ट म्हणतील त्याला मान डोलवायची.

सकाळी आर्लिसच्या हॉटेलात गेलो. तिनं बशी दोन्ही हातांनी पुढे केली. "नीट धर हो, एव्हरेट!" सगळे खो खो हसले. तीन वर्षांपूर्वी मी खेळाडू असताना शेजारच्या रिव्हर्टन कॉलेजविरुद्ध शेवटच्या क्षणाला चेंडू माझ्या हातातून सुटला होता. या गावाला स्वतःच्या पोरांचे वाढदिवस आठवत नाहीत, हे बरोबर आठवतं.

५ सप्टेंबर, गुरुवार

कडेला उभं राहून खुणा करायला दोघं — मी आणि दुसरा सहायक, काइल. त्या बघून चढाईची पोरं डाव खेळतात. पण दोघांतला एकच खरा. दुसरा समोरच्यांना चकवायला.

"काइल खरा. तू बुजगावणं," कोच म्हणाले. "मी कानात सांगेन तेवढं कर. अर्थ विचारू नकोस, त्याला अर्थच नाही."

मी बचावाच्या पोरांना शिकवतो. चढाईच्या बैठकीला मला बोलावतही नाहीत. बोलावतील कशाला!

७ सप्टेंबर, शनिवार

जिंकलो! मी टोपी उडवली, सलाम ठोकले, हवेतल्या हवेत गाईचं दूध काढलं — नऊ वेळा. सगळं फुकट, पण मन लावून केलं.

२१ सप्टेंबर, शनिवार

पुन्हा जिंकलो. धीर करून विचारलं, "कोच, मला खरं काम कधी?"

"हात थरथरतात का रे अजून?" म्हणाले आणि चालू लागले.

झोंबलं. कारण खरं आहे. माझ्यावर काही अवलंबून आहे असं कळलं, की थरथरतात. त्या दिवशीही तेच झालं होतं. हे कोचनी विसरावं, एवढंच मला हवंय.

१२ ऑक्टोबर, शनिवार

सहापैकी सहा! काइल भारीच खुणा करतो.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

चर्चच्या हॉलात तळलेल्या माशांचं गावजेवण. आई हळूच म्हणाली, "उद्या रिव्हर्टनचा सामना. आमच्या महिला मंडळाच्या सगळ्या बायका येणार आहेत. ते गाईचं तेवढं करू नकोस रे. तुझ्या आजोबांनी चाळीस वर्षं गाई पाळल्या, पण असं चारचौघांत कधी केलं नाही!"

"आई, ते सगळं खोटं असतं गं."

"खोटंच आहे ना? मग सलाम कर. सलाम करताना छान दिसतोस."

बिनतोड!

१९ ऑक्टोबर, शनिवार

हरलो. रिव्हर्टनकडून! चार गुणांनी.

शेवटचा डाव. गोलरेषा हातभर अंतरावर. कानात कोच — "गाय!" समोर पाहतो तर आई, आणि तिच्या शेजारी ओळीनं सगळं महिला मंडळ. ठोकला ऐटीत सलाम! कुणाचं काय बिघडणार होतं?

आणि आमची पोरं! चेंडू छातीशी धरून रेटायचं, तर उंच फेकून मोकळी! सरळ रिव्हर्टनवाल्याच्या हातात.

काइलनं चुकीची खूण केली असणार. बिचारा! मुद्दाम जाऊन त्याच्या पाठीवर थोपटलं. म्हटलं, "होतं असं. मीही यातून गेलोय." तो माझ्याकडे नुसता बघत राहिला.

२० ऑक्टोबर, रविवार

कोचनी बोलावलं. "बुजगावणं काइल होता. पहिल्या सामन्यापासून तूच खरा. अख्ख्या संघाला ठाऊक होतं. तुला सांगितलं असतं, तर हात थरथरले असते."

 मी विचारलं, "मग आता?"

"आता कळलंय तुला. शनिवारी पुन्हा तूच."

आईला अजून सांगितलेलं नाही. हे पान तिला दाखवणारही नाही — असलं वेडंवाकडं, थरथरलेलं अक्षर बघूनच ओळखेल.