डोंगराखालच्या शेताची माती

३ एप्रिल
शेत खरवडून नेलं मेल्यांनी! मी दोन दिवस बेलपाड्याला माहेरी काय गेले, सुदामनं डोंगराखालच्या शेतात जेसीबी घातला. सुदाम माझा सख्खा दीर, कोणी परका नव्हे. कशाला, तर क्रिकेटची स्पर्धा. वरची माती भुसभुशीत, चेंडू उसळत नाही. म्हणून ती सगळी काढली, खाली मुरूम लागला, त्यावर रोलर फिरवला. वर मलाच म्हणतो, "वहिनी, पिच बघ कशी झालीय, सिमेंटसारखी." सिमेंटात भात लाव मग तू.
दगडी बांध पण काढला. दगड गेले स्टेजखाली.

५ एप्रिल
माती उलव्याला गेली. डंपरवाला कुठल्या सोसायटीच्या बागेत ओतून आला. आता तिच्यात शोभेची झाडं लावतील.

६ एप्रिल
जेवण गेलं नाही.

११ एप्रिल
तो बांध आम्ही दोघांनी रचलेला, मी आणि ह्यांनी. लग्न होऊन आले तेव्हा तिथं कातळ आणि मुरूम, बस. पावसात डोंगरावरून गढूळ पाणी यायचं, बांधाला अडायचं. पाणी झिरपून जायचं, गाळ मागं राहायचा. वर्षाला बोटभर म्हणाल तर तेवढा पण नाही. वर पालापाचोळा, शेण, रोपासाठी भाजलेल्या राबाची राख. किती वर्षांनी एकदा कुदळ दगडाला न लागता आत गेली, तर हे हसले होते.
आता सांगायला गेले तर टीव्हीवरची नजर काढत नाहीत. "जाऊ दे." एवढंच.

१५ एप्रिल
पनवेलला शेतकी ऑफिसात गेले. साहेब तरुण, पण नीट बोलला. "मावशी, दगड उन्हानं तडकतो, पाण्यानं झिजतो, मुळं आत शिरतात, पाला कुजतो, तेव्हा माती होते. बोटभर व्हायला शेकडो वर्षं जातात." म्हटलं, मग मी काय करू, वाट बघत बसू? हसला. म्हणाला, बांध परत घाला, कडेला गवत लावा, डोंगराचा गाळ अडेल थोडा थोडा.
थोडा थोडा! माझी पन्नाशी उलटली. गुडघे गेले. कोण बघणार ती माती?

१६ एप्रिल
काही नको वाटतं.

२८ एप्रिल
स्पर्धा संपली. आज शेतात जाऊन बसले. मुरूम हातात चोळला. नुसते खडे. वास नाही, ओल नाही. गांडूळ सोडा, मुंगी पण नाही.
येताना सुदामच्या दारात उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. एकाला चार ऐकवणारा माणूस, आज मान खाली. शेवटी म्हणाला, "वहिनी, मला शिव्या घालून काय व्हायचं नाय. घरात इचार."

२ मे
घरात विचारलं. हे म्हणाले, "मीच सांगितलं सुदामला. बांध काढ, माती दे. माती हाय तवर तू हितनं उठायची नायस. प्रणित कवापासून बोलवतोय उलव्याला. पोरगा हाय आपला."
महिनाभर भावाला शिव्या खाऊ दिल्या आणि गप्प बसले.
मी ह्यांना सांगितलं, सोमवारपासून मी एकटी दगड उचलणार. त्याच्या आत बोला. बांधाला हात लावणार, का पोराकडे एकटे जाणार?