चिकनमधली कॅप्सूल

बाबा, धन्य आहे तुमची!

सहा आठवडे मी भुऱ्याला नुसता मासा आणि उकडलेला बटाटा घालतेय, घरात चिकनचा वाससुद्धा येऊ देत नाही, तरी हा कुत्रा खाजवून खाजवून रक्त काढतोय. त्याच्या डॉक्टरीणबाईंना मी नाही नाही ते बोलले. आणि आज फ्रिजमध्ये दह्यामागे तुमचा डबा सापडला. चिकनच्या एकेका तुकड्यात बाईंनी भुऱ्याच्या खाजेवर दिलेली माशाच्या तेलाची एकेक कॅप्सूल खोचलेली! अहो, त्याला अ‍ॅलर्जी चिकनचीच आहे ना?

भुऱ्याला घेऊन बाईंची माफी मागायला चाललेय. डबा रिकामा केलाय. तुम्ही शुगरच्या गोळीवर खाता ती क्रीमची बिस्किटंही फेकलीत. आजपासून गोळी नुसत्या पाण्याबरोबर, आणि तीही माझ्यासमोर.