खिडकीतला रेडिओ आणि माझे दोन भाऊ

मी इटा कॉन्सिडाइन, वय सेहेचाळीस, अविवाहित, शाळाशिक्षिका, राहणार किलरोअन, क्लेअर परगणा, आयर्लंड. डॉक्टरांच्या मते माझी फुप्फुसे हिवाळा काढणार नाहीत. डोके मात्र ठिकाणावर आहे. कोणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वीचे दुसरे नाही.

घर व रेडिओ शेजारीण नूला हिला द्यावा. हर्लिंगच्या, म्हणजे आमच्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, सामन्याच्या रविवारी रेडिओ खिडकीत, अंगणाकडे तोंड करून ठेवावा. जमलेल्यांना ती चहा देते आणि वर ओरडते, "मेल्यांनो, सामना ऐकायला येता की कप फोडायला?" उरलेले कपही तिचेच.

पुस्तके शाळेला. पोस्टातली शिल्लक अंत्यविधीला. काही उरल्यास शाळेच्या शेगडीच्या जळणाला.

वृत्तपत्रांचे गठ्ठे जाळावेत. इंग्रजांशी झालेल्या तहावरून बावीस साली माझे धाकटे भाऊ, कोलमन व फिनटन, एकमेकांविरुद्ध बंदुका घेऊन उभे राहिले. तेव्हापासून त्यांच्यात बोलणे नाही. दोघांची वृत्तपत्रेही वेगळी. एकाच अंत्ययात्रेची बातमी मी दोन्हींत वाचली आहे. ती दोन निराळ्या देशांतली वाटली.

सामना ऐकायला मात्र दोघेही येतात. कोलमन फाटकापाशी, फिनटन भिंतीला टेकून. एकदा आपला परगणा हरला तेव्हा कोलमन रेडिओला म्हणाला, "मारलं रे आपल्याला!" फिनटनही रेडिओलाच म्हणाला, "आपल्याला मारल्याशिवाय यांना जेवण जात नाही." रेडिओने देश जोडला, असे लिहिण्याचा मोह होतो. पण सामना संपला की दोघे दोन वाटांनी जातात, हेही लिहिले पाहिजे.

भावांना मी काहीही ठेवलेले नाही. राग म्हणून नव्हे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, आणि दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असावे लागतात, असा कायदा आहे. मला साक्षीदार हेच दोघे हवे होते. रेडिओची बॅटरी शहरातून भरून आणायचे काम त्यांनी आळीपाळीने करावे; ही वाटणी नव्हे, विनंती.

आता आजच्या सामन्याचे मध्यंतर आहे. दोघांना आत बोलावले. ते टेबलाच्या दोन टोकांना उभे आहेत.

"ताई, याला कशाला बोलावलंस?" फिनटनने विचारले. मी वरचा मजकूर वाचून दाखवला. कोलमनने टोपी काढली. "लवकर सही कर, ताई. सामना पुन्हा सुरू होईल."

मग फिनटन म्हणाला, "आधी कुणी करायची?"

हे त्याने मला विचारले नव्हते.

इटा कॉन्सिडाइन

आमच्या दोघांच्या समक्ष सही झाली:
१. कोलमन कॉन्सिडाइन
२. फिनटन कॉन्सिडाइन

किलरोअन, रविवार, ४ सप्टेंबर १९३८