पेटीवरची इस्त्री

रविवार, ता. ३

आमच्या चर्चच्या पाळकांना देवळात फक्त माझाच बाक दिसतो वाटतं! अंधारातली कामं सोडा, प्रकाशात चाला — पाऊण तास हेच, आणि नजर माझ्यावर. पुरुषांच्या बाकावर दोघं घोरत होते, ते काय देवदूत? चष्मा बदला म्हणावं.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन, येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला. कुणाचं कुणाशी काही असेल तर आधी मिटवा, म्हणाले, नाहीतर प्याला न पिता पुढे द्या. आमच्या मंडळीची जुनी रीत. एकच प्याला बाकाबाकावरून हातोहात जातो. कोण प्यालं, कोण नाही, सगळे बघतात.

माझं कुणाशी काही नाही.

सोमवार, ता. ४

कालचं शेवटचं वाक्य खोटं. वहीतही खोटं लिहायचं म्हणजे कमालच! माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तिसरीत शाळा सुटली. कोण वाचतंय? तर लिहिते.

सतरा दिवस झाले. त्या दिवशी सकाळी सुनेने तिचा फॅक्टरीचा कोट टेबलावर इस्त्री केला. इस्त्री बंद करून वर फळीवर ठेवली. मी डोळ्यांनी बघितलं. मग मीच ती खाली काढली. प्रभूच्या मेजावरचं पांढरं कापड करायचं होतं. एकवीस वर्षं ते कापड मीच करते, दुसऱ्या कुणाला शिवू देत नाही. गुडघे उभं राहू देत नाहीत, म्हणून खाटेवर बसून पत्र्याच्या पेटीवर करते. मुलाने दहादा बजावलं — आई, पेटीवर नको, आपल्या चिमणीचा हात पोचतो. मी हो म्हणते आणि तेच करते.

कापड झालं. घडी घातली, दारात देवळाच्या झाडूवालीला द्यायला गेले. तिच्या जिभेला हाड नाही, माझ्याही नाही. आत पेटीवर इस्त्री तापलेलीच. चिमणीने उजवा तळहात टेकवला. माझी नात, तीन वर्षांची पोर!

किंकाळी ऐकून सून आधी पोचली. इस्त्री तिने उचलली. मुलगा ड्यूटीचे बूट घालत होता, तसाच धावला, तेव्हा इस्त्री सुनेच्याच हातात.

"लक्ष कुठे असतं तुझं?"

"अहो, मी फळीवर ठेवली होती…"

"मग काय, इस्त्रीला पाय फुटले?"

मी उंबऱ्यात उभी. चार शब्दांचं काम होतं. एरवी माझं तोंड बंद करायला माणूस लागतो. त्या दिवशी उघडेना.

बुधवार, ता. ६

दवाखान्यात ड्रेसिंग. नवीन नर्सबाई होत्या. कसं झालं, म्हणाल्या. सून खाली बघून म्हणाली, "माझ्याकडून झालं." चिमणी माझ्या मांडीवर. "असू दे," नर्सबाई म्हणाल्या, "आजी आहेत ना लक्ष ठेवायला."

मी हसले! हसले मी.

शुक्रवार, ता. ८

सुनेचं काम नजरेचं. औषधाच्या बाटल्या समोरून जातात, झाकण नीट बसलंय का बघायचं, वाकडं असेल ती बाजूला काढायची. हल्ली चांगल्याच बाटल्या बाजूला काढते. मुकादमबाईंनी बजावलं — असंच चाललं तर दुसरी बघावी लागेल.

घरी गॅसचं बटण तीनदा बघते. कुलूप लावून जिना उतरते, परत वर येऊन ओढून बघते.

काल भांडी विसळता विसळता विचारलं, "आई, इस्त्री मी फळीवर ठेवली होती ना हो? तुम्ही बघितलंत?"

"माझं लक्ष नव्हतं गं," मी म्हणाले.

पहिल्या दिवशी मी गप्प बसले होते. काल बोलले. हे त्याहून वाईट.

शनिवार, ता. ९

सून मुलाला म्हणाली, "चिमणीला माझ्यापाशी एकटी सोडू नका."

रविवार, ता. १०

मेजावर माझं कापड. एक सुरकुती नाही.

प्याला आमच्या बाकावर आला. सुनेने दोन्ही हातांनी धरला, ओठांपर्यंत नेला नाही. तसाच माझ्या हातात दिला. मागच्या बाकावर कुजबुज झाली, मला ऐकू आली.

आणि मी प्याले.

मीही पुढे दिला असता तर लोकांनी विचारलं असतं, म्हातारीला काय झालं? एवढ्यासाठी प्याले! ठसका लागला. शेजारीण पाठीवर थोपटत होती, "सावकाश, आजी, सावकाश." चांगली बाई. तिला ढकलून द्यावंसं वाटलं.

बाहेर पडताना पाळक सुनेला हळूच म्हणाले, "मन मोकळं करावंसं वाटलं तर ये, बाळ." माझा हात हातात घेऊन म्हणाले, "आजी, तुमचा आधार आहे घराला."

बघितलंच नव्हतं हो त्यांनी माझ्याकडे. गेल्या रविवारीही नसणार. मीच आपली अंग चोरून बसले होते.

सोमवार, ता. ११

सांगितलं. सकाळी, दोघं समोर असताना, उभ्याने. पेटी, कापड, झाडूवाली, सगळं. बघितलं होतं आणि नाही म्हणाले, तेही.

मुलगा चहा तसाच ठेवून कामावर गेला. मला वाटलं, सून शिव्या देईल. एवढंच म्हणाली, "म्हणजे मला वेड लागलेलं नाही?" परत म्हणाली. परत. माफ केलं असं काही म्हणाली नाही, आणि मी तसं विचारलं नाही.

उद्या ड्रेसिंग. नर्सबाईंनी विचारू दे, पाळकांनी विचारू दे, मागच्या बाकाने विचारू दे — सुनेने तोंड उघडायचं नाही. उत्तर मीच द्यायचं.